जमशेदजींची कबर जर्मनीत नाही

मा. संपादक,
स. न. वि. वि.

ऑक्टोबर २०२४ मध्ये रतन टाटा गेले, तेव्हापासून टाटा घराण्यावर मराठीत पुष्कळ लिहून येते आहे. त्यात एक गोंधळ पुन्हा पुन्हा दिसतो. जमशेदजींचे निधन जर्मनीत झाले म्हणून त्यांची कबर जर्मनीत आहे, असे कुणी लिहितो. कुणी ती पॅरिसला नेऊन ठेवतो. पारशी माणूस म्हणजे डुंगरवाडीच (मुंबईतली पारशांची अंत्यविधीची जागा), असे धरून त्यांचा अंत्यविधी मलबार हिलवर उरकणारेही आहेत. तिन्ही माहिती चुकीच्या आहेत. जमशेदजींचे निधन १९ मे १९०४ रोजी जर्मनीतल्या बाड नाउहाइम इथे झाले हे खरे, पण त्यांचे दफन इंग्लंडमध्ये, लंडनच्या नैऋत्येला सुमारे ३७ किलोमीटरवर असलेल्या ब्रुकवूड दफनभूमीत झाले. त्यांचे दोन्ही मुलगे, दोराबजी आणि रतनजी, आणि सून मेहेरबाई हेही तिथेच आहेत.

गोंधळाचे मूळ नावांत आहे, म्हणून आधी नावे वेगळी करून घेऊ. टाटांच्या घरात तीन रतन झाले. सर रतनजी जमशेदजी टाटा (१८७१–१९१८) हे जमशेदजींचे धाकटे चिरंजीव. ते कॉर्नवॉलमधल्या सेंट आइव्हज इथे वारले आणि ब्रुकवूडला वडिलांशेजारी त्यांचे दफन झाले. रतनजी दादाभाई, म्हणजे आर. डी. टाटा (१८५६–१९२६), हे जमशेदजींचे नात्यातले भाऊ आणि जे. आर. डी. यांचे वडील, ते पॅरिसच्या पेर लाशेझ दफनभूमीत आहेत आणि १९९३ मध्ये जिनिव्हात वारलेल्या जे. आर. डी. यांची कबरही तिथेच आहे. तिसरे रतन नवल टाटा (१९३७–२०२४), ज्यांच्यावर वरळीत अंत्यसंस्कार झाले. त्यांचे वडील नवल यांना सर रतनजींच्या पत्नी नवाजबाईंनी पतीच्या मृत्यूनंतर दत्तक घेतले होते, त्यामुळे दत्तक नात्याने सर रतनजी हे या तिसऱ्या रतन यांचे आजोबा लागतात. पॅरिस आणि ब्रुकवूड यांची सरमिसळ होते ती या नावांमुळे.

आता ब्रुकवूडविषयी. आपल्याकडे या जागेबद्दल फारसे कुणी लिहिलेले नाही, आणि तिथे नुसते टाटांचे मकबरे पाहून परत फिरणे म्हणजे पुस्तकाचे एक पान फाडून आणण्यासारखे आहे.

१८०१ मध्ये लंडनची लोकसंख्या १० लाखांच्या आत होती. १८५१ मध्ये ती २५ लाखांच्या जवळ पोचली. पुरायची जागा मात्र तेवढीच राहिली: चर्चच्या भोवतालचे चिमुकले आवार. जुनी कबर उकरायची, हाडे बाजूला सारायची आणि त्याच खड्ड्यात नवा मृतदेह ठेवायचा, असे चालले होते. १८४८–४९ च्या कॉलऱ्याने लंडनमध्ये १४,६०१ माणसे मेली आणि ही व्यवस्था कोसळली. पुढे कायद्याने शहरातल्या दफनभूमी बंद करायला सुरुवात झाली. शहर कितीही वाढले तरी पोचणार नाही इतक्या लांब, एकाच ठिकाणी, पुढच्या कैक पिढ्यांना पुरेल एवढी दफनभूमी करावी, असा विचार पुढे आला. १८५२ च्या कायद्याने ‘लंडन नेक्रोपोलिस’ ही कंपनी उभी राहिली. नेक्रोपोलिस म्हणजे मृतांचे नगर. कंपनीने वोकिंग गावाजवळचे २,००० एकरांहून अधिक माळरान घेतले आणि त्यातल्या सुमारे ५०० एकरांवर दफनभूमी आखली. जमीन रेताड आणि निकस. शेतीला कुचकामी, म्हणून स्वस्त. पण दफनासाठी तीच चांगली, कारण पाणी झटकन झिरपून जाते, खड्ड्यात साचत नाही. ७ नोव्हेंबर १८५४ रोजी विंचेस्टरच्या बिशपांनी दक्षिणेकडचा भाग विधिपूर्वक पवित्र केला आणि १३ नोव्हेंबरला पहिले दफन झाले. ते कुणा सरदाराचे नव्हते. साउथवार्कमधल्या एका गरीब कुटुंबाची मृतावस्थेत जन्मलेली जुळी बाळे होती ती, आणि खर्च त्यांच्या पॅरिशने, म्हणजे चर्चच्या हद्दीतल्या स्थानिक कारभाराने, केला होता.

त्यानंतर प्रश्न आला, लंडनमधून इतक्या लांब मृतदेह न्यायचे कसे? घोडागाडीने दिवस गेला असता. कंपनीने उत्तर काढले ते रेल्वेचे. वॉटर्लूजवळ खास अंत्ययात्रांसाठी स्थानक बांधले. रूळ कमानींवरून उंचावरून जात असल्यामुळे शवपेट्या वाफेवर चालणाऱ्या पाळण्यातून फलाटावर चढवल्या जात. गाडी साडेअकराच्या सुमारास सुटे, साधारण तासाभरात पोचे, मुख्य मार्गावरून उलटी फिरून दफनभूमीच्या आतल्या फाट्यावर जाई आणि दुपारी अडीचच्या आसपास परतीला निघे. दफनभूमीच्या आत दोन स्थानके होती. दक्षिण स्थानक चर्च ऑफ इंग्लंडच्या अनुयायांसाठी. उत्तर स्थानक बाकी सगळ्यांसाठी, म्हणजे इतर पंथांचे ख्रिस्ती, ज्यू, पारशी, नास्तिक. ही विभागणी गाडीच्या डब्यांतही पाळली जाई. दोन्ही गटांचे डबे वेगळे आणि प्रत्येकात पुन्हा तीन वर्ग. मेलेल्या माणसालाही वर्ग होता. शवपेटीचे एकेरी भाडे पहिल्या वर्गाला १ पौंड, दुसऱ्याला ५ शिलिंग, तिसऱ्याला अडीच शिलिंग (तेव्हा २० शिलिंगांचा १ पौंड). सोबतच्या माणसाचे परतीचे तिकीट अनुक्रमे ६ शिलिंग, साडेतीन शिलिंग आणि २ शिलिंग. हे दर कायद्यानेच बांधून दिलेले असल्यामुळे पुढची कित्येक दशके ते जवळजवळ बदलले नाहीत.

ही तिकिटे आज लोक गंमत म्हणून सांगतात. ते वाचताना एक गोष्ट लक्षात घ्यायला हवी. तिसऱ्या वर्गाच्या गरिबाला शहरात सामाईक खड्डा मिळत होता. ब्रुकवूडला मात्र पॅरिशच्या खर्चाने आलेल्या माणसालाही स्वतंत्र कबर मिळे. त्या काळात ही मोठी गोष्ट होती. त्यातही अट होतीच. पहिल्या वर्गात अडीच पौंडांपासून पुढे ९ फूट बाय ४ फुटांची जागा हवी तिथे निवडता येई आणि तिथे कायमचे स्मारक उभारावे अशी अपेक्षा असे. दुसऱ्या वर्गाला १ पौंड पडे. कायमचा दगड बसवण्याच्या हक्काला आणखी १० शिलिंग, आणि दगड न बसवल्यास ती जागा पुन्हा वापरण्याचा अधिकार कंपनी स्वतःकडे राखून ठेवी. तिसऱ्या वर्गाने पॅरिशला नेमून दिलेल्या पट्ट्यात मिळेल तिथे जायचे. म्हणून ब्रुकवूडला गेलेल्या माणसाला मोकळे गवत दिसले तर ते मोकळे नसते. इथे २ लाख ३५ हजारांच्या आसपास माणसे पुरलेली आहेत आणि त्यांतल्या बहुतेकांच्या डोक्याशी दगड नाही.

शहरातल्या मोडलेल्या दफनभूमींमधले अवशेषही इथेच आणले गेले. १८६० च्या दशकात रेल्वे वाढवताना साउथवार्कमधली एक जुनी दफनभूमी आड आली, तेव्हा किमान ७,९५० मृतदेह २२० मोठाल्या पेट्यांत भरून ब्रुकवूडला हलवले. माणशी खर्च आला सुमारे ३ शिलिंग.

१६ एप्रिल १९४१ च्या रात्री जर्मन बॉम्बहल्ल्यात लंडनचे अंत्ययात्रा-स्थानक उद्ध्वस्त झाले आणि ती गाडी पुन्हा कधी धावली नाही. वेस्टमिन्स्टर ब्रिज रोडवरची त्याच्या कचेरीची दर्शनी बाजू मात्र अजून उभी आहे.

आता आपल्या लोकांकडे येतो. १८६१ मध्ये इंग्लंडमधल्या मूठभर पारशांनी एक धर्मादाय निधी उभारला. त्याच्या पुढाऱ्यांत दादाभाई नौरोजी होते. परदेशात माणूस गेला तर त्याचे करायचे काय, ही त्यांची तातडीची अडचण होती. पारशी धर्मात माती, पाणी आणि अग्नी पवित्र. प्रेताने त्यांना विटाळ होऊ नये म्हणून दोखमा, म्हणजे प्रेत उघड्यावर ठेवण्याचा गोल मनोरा. पण दोखम्याला उघडे आकाश आणि गिधाडे लागतात, ती इंग्लंडमध्ये कुठून यायची? जिथे दोखमा नाही तिथे पारशी समाज दफनभूमी राखतो, तिला आरामगाह म्हणतात. १८६२ मध्ये ब्रुकवूडला जागा घेऊन हीच सोय केली गेली. म्हणजे जमशेदजींनी धर्म मोडला वा कुणी त्यांना परस्पर पुरून टाकले, असा जो सूर कधी कधी निघतो, त्याला आधार नाही. त्यांच्या मृत्यूच्या ४२ वर्षे आधीपासून त्यांच्याच समाजाने राखलेली ती जागा आहे.

टाटांचे मकबरे प्राचीन इराणी धाटणीचे आहेत. घडीव दगड, जड चौथरे, कोरीव चिन्हे. आणि भोवती इंग्लंडची ओली हिरवळ. पाइन आणि उंचच उंच सिकोया झाडे. कॅलिफोर्नियातल्या या झाडाचे बी इंग्लंडमध्ये १८५३ मध्ये आले आणि लगेचच ब्रुकवूडच्या रस्त्यांच्या कडेने ही झाडे लावली गेली; त्या देशातल्या पहिल्यावहिल्या सिकोयांत त्यांची गणना होते.

या मकबऱ्यांत महाराष्ट्राशी सर्वांत जवळचे नाते माझ्या मते जमशेदजींच्या कबरीचे नाही, मेहेरबाईंच्या कबरीचे आहे. बालविवाहाला आळा घालणाऱ्या १९२९ च्या सारडा कायद्यासाठी या बाईंनी जाहीरपणे बाजू मांडली. जून १९३१ मध्ये वेल्समधल्या एका शुश्रूषागृहात रक्ताच्या कर्करोगाने त्या गेल्या. दोराबजींनी पत्नीच्या नावे रक्ताच्या कर्करोगावरच्या संशोधनासाठी निधी काढला आणि आपली जवळपास सगळी मालमत्ता विश्वस्त निधीला दिली. पुढच्याच वर्षी पत्नीच्या कबरीचे दर्शन घ्यायला ते युरोपला निघाले. ब्रुकवूडला पोचण्याआधीच ३ जून १९३२ रोजी जर्मनीतल्या बाड किसिंगेन इथे त्यांनी प्राण सोडला. आज ते मेहेरबाईंच्या शेजारी आहेत. त्यांच्या विश्वस्त निधीतून २८ फेब्रुवारी १९४१ रोजी परळला टाटा मेमोरियल रुग्णालय सुरू झाले. विदर्भापासून कोकणापर्यंत ज्या घरात कर्करोग शिरला आहे त्या घराला परळची ती वास्तू माहीत असते. तिच्या पायात ब्रुकवूडची एक कबर आहे, हे फार थोड्यांना ठाऊक असते.

दोराबजींबद्दल लिहिताना मुळशी विसरून चालणार नाही. टाटांच्या वीज प्रकल्पासाठी मुळशी खोऱ्यातली गावे पाण्याखाली जाणार होती, तेव्हा १९२१ मध्ये मावळ्यांनी सत्याग्रह केला आणि सेनापती बापट तुरुंगात गेले. त्या वेळी कंपनीच्या शीर्षस्थानी दोराबजीच होते. परळचे रुग्णालय आणि मुळशीचे पाणी, दोन्ही एकाच माणसाच्या खात्यावर मांडावे लागते.

याच पारशी आवारात नवरोजी नसरवानजी वाडिया यांचा मकबरा आहे. बॉम्बे डाइंगचे संस्थापक. पुण्याचे वाडिया कॉलेज आणि परळचे नवरोजी वाडिया प्रसूतिगृह ज्यांच्या नावाने आहेत, ते हेच. कॉलेजच्या फाटकातून रोज आत-बाहेर करणाऱ्या किती मुलांना हे नाव कुणाचे ते सांगता येईल?

आणि दोन खासदार. ब्रिटिश पार्लमेंटमध्ये निवडून गेलेले पहिले तीन भारतीय तिन्ही पारशी, तिन्ही मुंबईशी जोडलेले. दादाभाई १८९२ मध्ये निवडून आले आणि १९१७ मध्ये मुंबईत वारले. दुसरे सर मंचेरजी भावनगरी, १८९५ ते १९०६ बेथनल ग्रीनचे हुजूर पक्षाचे खासदार, निधन १९३३. तिसरे शापुरजी सकलातवाला, बॅटर्सीचे खासदार आणि पक्के कम्युनिस्ट; जमशेदजींचे भाचे; मुंबईच्या प्लेगात, प्लेगची लस काढणाऱ्या हाफकिनांसोबत काम केलेले. १९३६ मध्ये ते गेले, दहन झाले आणि त्यांची रक्षा ब्रुकवूडला आणली गेली. भावनगरी साम्राज्याचे खंदे समर्थक, सकलातवाला साम्राज्याचे कट्टर वैरी. आयुष्यभर दोन टोकांना उभी राहिलेली ही माणसे आज एकाच कुंपणाच्या आत आहेत.

आता उत्तरेकडच्याच भागातली आणखी एक कबर, जी पाहिल्याशिवाय भारतीयाने परतू नये. चार्ल्स ब्रॅडलॉ. नॉर्थॅम्प्टनचे खासदार, उघड नास्तिक, भारताच्या स्वराज्याचे पार्लमेंटमधले वकील. १८८९ मध्ये मुंबईला भरलेल्या काँग्रेसच्या अधिवेशनाला ते मुद्दाम आले होते. ३ फेब्रुवारी १८९१ रोजी त्यांचे दफन झाले तेव्हा ५,००० हून अधिक माणसे तीन खास गाड्यांनी ब्रुकवूडला आली. एका गाडीला १७ डबे होते. त्या गर्दीत २१ वर्षांचे मोहनदास गांधी होते. परतीच्या गाडीची वाट पाहताना उत्तर स्थानकावर एका नास्तिकाने एका पाद्र्याला भर गर्दीत कसे गाठले, हे त्यांनी आत्मकथेत लिहून ठेवले आहे. तिथे त्यांनी ‘वोकिंगची दफनभूमी’ असा उल्लेख केला आहे आणि मराठी वाचक तिथे फसतो. वोकिंगची दफनभूमी आणि ब्रुकवूड एकच. जुन्या कागदांत, चरित्रांत, मृत्युलेखांत ‘वोकिंग’ किंवा ‘नेक्रोपोलिस’ दिसले तर आधी ब्रुकवूड तपासावे. मात्र ‘वोकिंगला दहन’ असे असेल तर ती जागा वेगळी: जवळच्या सेंट जॉन्स भागातले दहनगृह, जिथे इंग्लंडमधले पहिले आधुनिक दहन २६ मार्च १८८५ रोजी झाले. फ्रीडरिश एंगेल्स यांचे दहन १८९५ मध्ये तिथेच झाले.

मुसलमानांच्या आवारात मुंबईशी जोडलेली दोन नावे आहेत. मार्माड्यूक पिकथॉल हे इंग्रज लेखक १९२० मध्ये मुंबईला येऊन ‘बॉम्बे क्रॉनिकल’चे संपादक झाले, पुढे निजामाच्या नोकरीत हैदराबादला गेले आणि १९३० मध्ये त्यांचे कुराणाचे इंग्रजी भाषांतर आले. १९ मे १९३६ ला ते वारले, तारीख जमशेदजींचीच. दुसरे अब्दुल्ला युसूफ अली, विल्सन कॉलेजचे विद्यार्थी, आयसीएस अधिकारी, कुराणाचे तितकेच प्रसिद्ध भाषांतरकार. डिसेंबर १९५३ मध्ये लंडनमध्ये अक्षरशः निराधार अवस्थेत त्यांचा अंत झाला. लाहोरच्या गव्हर्न्मेंट कॉलेजचे पहिले प्राचार्य आणि भोपाळच्या शाहजहाँ बेगमांच्या देणगीतून वोकिंगला १८८९ मध्ये मशीद उभारणारे डॉ. लाइट्नर हेही ब्रुकवूडलाच आहेत.

पहिल्या महायुद्धात इंग्लंडमधल्या इस्पितळांत वारलेल्या मुसलमान भारतीय सैनिकांसाठी वोकिंगजवळ हॉर्सेल माळावर वेगळी दफनभूमी बांधली होती. तिची सतत नासधूस होऊ लागली, तेव्हा १९६० च्या दशकाच्या अखेरीस त्या कबरी ब्रुकवूडच्या लष्करी दफनभूमीत हलवल्या. त्यांत पहिल्या महायुद्धातले १९ जण होते. हॉर्सेलला २०१५ मध्ये सुंदर बाग केली आहे, पण तिथे आता कुणी पुरलेले नाही. आपल्या माणसाचे नाव शोधायचे तर ब्रुकवूडलाच जावे लागते. (हिंदू आणि शीख सैनिकांचे दहन ब्रायटनजवळच्या टेकडीवर झाले, तिथे १९२१ पासून ‘छत्री’ उभी आहे.) लष्करी भागात वाचण्याची अडचण नाही: ८१ सेंटिमीटर उंच आणि ३८ सेंटिमीटर रुंद असे एकसारखे दगड, सरळ रांगा, नोंदवही.

बाकी मोठी नावे पुष्कळ आहेत. चित्रकार सार्जंट, कुंभकलेतले डी मॉर्गन, १९८७ मध्ये लंडनमध्ये गोळी घालून मारलेले पॅलेस्टिनी व्यंगचित्रकार नाजी अल-अली, २०१६ मध्ये गेलेल्या वास्तुरचनाकार झहा हदीद.

जाणाऱ्यांसाठी थोडे कामाचे. वॉटर्लूहून ब्रुकवूड स्थानकाची गाडी मिळते. स्थानकाच्या दक्षिण बाजूने बाहेर पडले की दफनभूमीच लागते. गाडीरस्त्याने तिचे उत्तर आणि दक्षिण असे दोन भाग केले आहेत. पारशी, मुसलमान आणि ब्रॅडलॉ या तिन्हींसाठी उत्तर भागापासून सुरुवात करावी. सगळे एका दिवसात होत नाही; अर्धा दिवस फक्त उत्तरेला द्यावा. नकाशा आधी छापून न्यावा, कारण वळणे फसवी आहेत आणि सगळे रस्ते झाडांखाली सारखेच दिसतात. अमुक एक कबर शोधायची तर नुसते नाव पुरत नाही. गट क्रमांक आणि कबर क्रमांक लागतो. तो काढायला पूर्ण नाव, दफनाची तारीख आणि शेवटचा पत्ता लागतो. इथे हमखास चूक होते: आपल्याकडच्या पुस्तकांत मृत्यूची तारीख असते, नोंदवहीत दफनाची. परदेशातून मृतदेह आणला असेल तर दोन्हींत कितीतरी दिवसांचे अंतर पडते. म्हणून मृत्यूच्या तारखेपुढचे दोन महिने तरी चाळावेत. आडनावाची स्पेलिंगेही तीन-चार प्रकारे पाहावीत. ‘भावनगरी’ आणि ‘नसरवानजी’ इंग्रज कारकुनाने कसे ऐकले असेल त्यावर सगळे अवलंबून.

दगड वाचतानाही थोडी तयारी लागते. पारशी कबरीवर रोज (दिवस), माह (महिना) आणि यझदगर्दी (पारशी) सन दिलेला असेल तर त्या सनात ६३० किंवा ६३१ मिळवावेत: पारशी नववर्षानंतरची तारीख असेल तर ६३०, आधीची असेल तर ६३१. हिजरी सनाला ०.९७ ने गुणून ६२२ मिळवले की इसवी सन हाती येतो. १३५५ चे १९३६ होतात. मुसलमानांच्या कबरींच्या ओळी शेजारच्या ख्रिस्ती ओळींपेक्षा तिरक्या दिसतात, ती आखणीतली चूक नव्हे. ख्रिस्ती कबरीत पाय पूर्वेला असतात. मुसलमान कबरीत मृताला उजव्या कुशीवर, तोंड मक्केकडे करून ठेवतात, आणि इंग्लंडमधून मक्का आग्नेयेला येते.

शिशाची अक्षरे हा वेगळा विषय आहे. त्या काळी संगमरवरात अक्षर कोरायचे, त्या खाचेत बारीक भोके पाडायची, शिसे ठोकून बसवायचे आणि घासून सपाट करायचे. उन्हा-थंडीने शिसे आणि दगड वेगवेगळे फुगतात-आकसतात, पाणी मागे शिरते, आणि शंभर वर्षांत अक्षर गळून पडते. पण भोके राहतात. एकेका अक्षराची भोके ठरावीक जागी असतात. सकाळ-संध्याकाळच्या तिरप्या उजेडात, किंवा आरशाने बाजूने उजेड टाकून फोटो काढला तर गळलेले नाव पुन्हा जुळवता येते. दुपारच्या समोरच्या उन्हात काढलेल्या फोटोत काहीच दिसत नाही.

अक्षर उठावे म्हणून खडू, पीठ, दाढीचा फेस लावण्याच्या सूचना समाजमाध्यमांवर फिरत असतात. कृपा करून तसे करू नये. फेसातली रसायने दगडाच्या छिद्रांत उतरून बसतात, पिठावर बुरशी धरते. तारेचा ब्रश, ॲसिड, ब्लीच यांनी संगमरवराचा वरचा थर निघतो आणि दगड साखरेसारखा भुरभुरू लागतो. मऊ ब्रश आणि साधे पाणी, तेही परवानगी घेऊन, यापलीकडे पाहुण्याने जाऊ नये. कललेल्या दगडाला टेकू नये, त्याच्यापुढे लहान मुलाला उभे करून फोटो काढू नये. रेताड जमीन पाणी जिरायला चांगली, पण दगडांच्या पायाला वाईट. शिवाय ऱ्होडोडेंड्रॉन आणि आपोआप उगवलेल्या बर्चची मुळे चौथऱ्याखाली शिरतात, आणि दगडांच्या सांध्यात बसवलेल्या लोखंडी पकडी गंजून फुगतात तेव्हा मोठाले चिरेही फोडतात. वरून भक्कम दिसणारा दगड आत सुटलेला असू शकतो.

१९५९ नंतर मालक बदलत गेले आणि कित्येक वर्षे इथे झाडोरा माजला. आता २०१४ च्या डिसेंबरपासून दफनभूमी वोकिंग पालिकेच्या ताब्यात आहे आणि ऐतिहासिक उद्यानांच्या इंग्लंडमधल्या यादीत तिला पहिली श्रेणी आहे. जागा सुरक्षित आहे. नोंद मात्र इंग्रजीत आहे आणि ती इंग्रज नजरेने केलेली आहे. तिच्यात जमशेदजी ‘भारतीय उद्योगपती’ एवढेच राहतात. परळ, मुळशी, पुणे ही नावे त्यात येणार नाहीत, ती आपणच लिहायला हवीत. टाटा आणि वाडिया यांच्या नावाने महाराष्ट्रात चालणाऱ्या संस्थांनी आपापल्या आवारात एक पान लावावे: आमच्या नावातला माणूस कोण, तो कुठे पुरला आहे, गट क्रमांक काय, कबर क्रमांक काय. दरवर्षी लंडनला जाणाऱ्या शेकडो मराठी कुटुंबांपैकी दहांनी जरी तिथे थांबून तिरप्या उजेडात दगडांचे नीट फोटो काढून त्या त्या संस्थेकडे दिले, तरी दोन-तीन वर्षांत भारतीय कबरींची मराठी यादी तयार होईल. आणि आपल्या वृत्तपत्राला विनंती अशी, की पुढच्या १९ मेच्या अंकात जमशेदजींवर मजकूर येईल तेव्हा त्यात निधनाचे ठिकाण बाड नाउहाइम आणि दफनाचे ठिकाण ब्रुकवूड, ही दोन नावे वेगवेगळी छापावीत.

आपला,
एक नियमित वाचक